होडीच्या रंगाचं विमान

आते, आज सड्यावर वारा नव्हता.

तुझं बारावं झाल्यापासून मी रोज सकाळी वरच्या त्या कातळाच्या माळावर जाऊन येते. विमान न घेता, रिकाम्या हातांनी. करवंदीच्या जाळीपाशी उभी राहते, गवताची एक काडी तोडून हवेत सोडते आणि ती कुठे जाते ते बघते. मग खाली येऊन आंघोळ करून कॉलेजला जाते. बाबांनी एकदा विचारलं, "रोज खंय जातस गो?" मी म्हटलं, "वारो बघूक." दुसऱ्या दिवशी निघताना पायरीवर माझ्या चपलांशेजारी त्यांची काठी ठेवलेली दिसली. सड्यावर गवतात साप-जनावर असतं म्हणून.

घरी भेटायला येणारी माणसं तुझ्या हाताबद्दल बोलतात. तू शिवलेल्या ब्लाउजांबद्दल, तुझ्याकडे शिवण शिकून गेलेल्या पोरींबद्दल. एकीने सांगितलं की तिच्या लग्नातला ब्लाउज अजून तिला होतो, आणि सांगतासांगता ती रडली. मी सगळ्यांना चहा दिला, मान डोलावली. डोक्यात मात्र तुझं एकच वाक्य फिरत होतं. "विमानाचो तोल जावक नाय, तुझो धीर गेलो."

असं काही बोलून मध्येच उठून जातं का कोणी, आते?

मी वर्गात बलाचं आघूर्ण शिकवते. टेकूपासून वजन जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त. परवा फळ्यावर आकृती काढताना खडू थांबला. मी काढलेल्या तरफेला पंख आणि शेपूट फुटलं होतं. मुलं हसली. मीही हसले आणि ते पुसून टाकलं. पण तास संपेपर्यंत माझे पाय एका जागी ठरले नाहीत.

मला आठवतंय तेव्हापासून तू मला माया सोडून शिवत आलीस. शिंप्याच्या भाषेतली माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं, आते माझ्यावर माया करते आणि उरलेली फ्रॉकात शिवते. शाळेच्या गणवेशाला तू एवढी माया ठेवायचीस की मी त्यात घोंगडी पांघरल्यासारखी दिसायचे. दर जूनला तू एक शिवण उसवायचीस आणि जुन्या शिवणीची रेघ फिकट निळ्यावर गडद निळी उमटायची. झाडाच्या खोडावरून वय कळतं, तशी माझी इयत्ता माझ्या स्कर्टावरून कळते, असं पोरी चिडवायच्या. मी रडत आले तर तू तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचीस, "चेडू वाढतला, तर माया सोडूक नको?"

घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी जाईन, हे माझ्याआधी तूच धरून चालली होतीस. पदवीदान समारंभाला बाबा बुजून मागच्या रांगेत बसले. तू सरळ पुढे आलीस, माझ्या अंगावरच्या भाड्याच्या गाऊनची कड उलटी करून बघितलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "इतक्या मोठ्या कॉलेजाचो गाऊन, आणि आतमध्ये बोटभर माया नाय." माझ्या फोटोत मी हसू दाबते आहे, ते त्याचं.

विमानाचं खूळ माझं, पण त्याचा आकार तुझा. कॉलेजच्या विज्ञान मंडळासाठी मी थर्माकोलची छोटी रिमोटवरची विमानं करायचे. त्यातलं एक तुझ्या खळ्यात वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांवर पडलं. तू ते उचललंस, झटकलंस, पंखाखाली बोट धरून जोखलंस. मला वाटलं, आता शिव्या. तू म्हणालीस, "इतक्या चिमणीएवढा कित्याक? करूचा तर मोठा कर. माणसाक दिसाक व्हया."

मग तुझ्या पुढल्या खोलीतलं कापड बेतायचं लांब टेबल त्या मोठ्या विमानाचं झालं. एक पंख मावायला तेवढंच टेबल गावात होतं. मी नकाशा पसरला की तू त्यावर तुझं दातेरी ट्रेसिंग व्हील फिरवायला यायचीस. हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांतून एकेक फासळी कापायची, घासायची, उभी करून चिकटवायची. तू फासळ्या टाचण्यांनी धरून ठेवायचीस, ब्लाउजाच्या बाहीला चुण्या धरतेस तशा. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं.

"गो शालू, तुझा विमान सुटतला केदवा? माझ्या ब्लाउजाचा काय?"

"ब्लाउज घालून खंय जातलंस? विमानात बसान जा मगे."

"माका बसवतलस?"

"तुका बसवलंय तर उडतला कसा?"

त्या बाईने महिनाभर तुझ्याशी बोलणं टाकलं. मग तीच एका दुपारी नातवाला घेऊन विमान बघायला आली आणि जाताना ब्लाउजाचं कापड ठेवून गेली.

इंजिन बाबांच्या ग्रास कटरचं. आंब्याच्या बागेत रान कापायचं ते मशीन बाबांनी नवीन घेतलं आणि जुनं मला दिलं, पण जुनंच चांगलं होतं हे त्यांना नंतर कळलं. मग येताजाता ऐकवायचे, "माझा मशीन उडूक गेला आणि माझा रान वाढता हा." तू म्हणायचीस, "मगे चरूक बैल हाड."

पंखांवर चढवायला मी कापड शोधत होते. हलकं हवं, तापवल्यावर ताणून बसणारं हवं. माहिती काढता काढता कळलं की पॉलिस्टरचं साधं अस्तर चालतं, कारण गरम इस्त्रीने ते आकसतं. मी तुला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तू मशीन थांबवलंस आणि कपाळावर हात मारलास. "अस्तर इस्त्रीखाली आकसता म्हणून मी जल्मभर बायलांच्यो शिव्यो खाल्लंय. आणि तुका ताच व्हया?" मग तुझ्या कपाटातले अस्तराचे तागे खाली आले. आपण दोघींनी ते फासळ्यांवर चिकटवलं, तू इस्त्री फिरवलीस, आणि सुरकुत्या डोळ्यांदेखत मिटत गेल्या. पंख ढोलकीच्या पुडीसारखा ताणला गेला. तू त्यावर बोटाने टिचकी मारलीस. आवाज आला. तू पुन्हा मारलीस. पोरीसारखी किती वेळ टिचक्या मारत बसली होतीस.

त्याच आठवड्यात आपण तोल साधला. मोठ्या विमानाचा तोल पंखाच्या पुढल्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर यावा लागतो. आपण पंखांखाली दोन्हीकडे त्या जागी टेकू दिले. विमान आडवं राहिलं, नाक किंचित खाली. मी तिथे पेन्सिलीने ठिपके केले. मग मला बोर्डाच्या परीक्षेच्या कामासाठी बाहेर राहावं लागलं.

परत आले तेव्हा विमान रंगवून झालं होतं.

खरं सांगू, मी दारातच थांबले. गडद निळं अंग, कडेने पिवळा पट्टा. आजोबांच्या होडीचा रंग. मी ती होडी पाहिलेली नाही, तू आणि बाबा तिच्याबद्दल बोलायचात ते ऐकलंय. तू बंदरावर जाऊन होड्यांना लावतात तोच जाड रंग आणला होतास. तीन हात दिले होतेस, आणि शेपटाला त्याहून जास्त.

"शेपटाक इतको कित्याक, आते?"

"होडी मागसून कुजता. सुकाणाकडे पाणी मुरता. थंय दोन हात जास्ती देवचेच लागतत."

"ह्या पाण्यात जावचा नाय गो."

"खारो वारो तर खातला मां?"

तुझं काय चुकलं होतं? किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात कोणीही हेच केलं असतं. बाहेर जाणारी वस्तू मागून जपायची, हे तुमच्या बोटांत बसलेलं. मी म्हटलं, पुन्हा तोल बघूया. तू म्हणालीस, "रंगाचा कितकासा वजन?" आणि मला इतकी घाई होती की मीही टेकू लावून बघितले नाहीत. दिवाळी होऊन गेली होती, गवत वाळलं होतं, सकाळचा वारा पडत होता, आणि पहिल्या उड्डाणाला वारा नकोच असतो. मला ते वर न्यायचं होतं.

त्या सकाळी सड्यावर तू देवाला गाऱ्हाणं घातलंस. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, तेही देवळात, मानकऱ्याने. बाबा चाचरत म्हणाले, "बाय, ह्या बरा दिसता काय?" तू पदर खोचलास. "हय मानकरी खंयसून हाडू? मीच घालतंय." कातळावर नारळ ठेवून तू हात जोडलेस. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवान जा काय विमान केल्यान, ता तुझ्या सड्यावरसून वर जाता हा. काय चुकला माकला असात ता पोटात घाल. वर गेलेला सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!" आणि बाबांनी आणि मी, दोघांनी एकदम म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

ते धावलं, आणि मी सांगण्याआधीच उठलं. तिथेच मला कळलं. नाक वर गेलं आणि वरच जात राहिलं. मी रिमोटची काडी पुढे दाबली. ते खाली आलं, पण जास्त आलं. सोडली तर पुन्हा आभाळाकडे. क्षणभर ते तसंच लटकलं, मग एक पंख खाली झुकला. मी इंजिन बंद केलं आणि ते गवतात उतरवलं, उतरवलं म्हणजे टाकलं. इंजिनाचा पंखा तुटला, चाकं दुमडली. बाकी सगळं शाबूत.

मी म्हटलं, शेपूट जड झालंय. रंगामुळे. खरवडूया.

तू विमानाजवळ वाकून पट्ट्यावरची माती पुसत होतीस. वर न बघता म्हणालीस, "विमानाचो तोल जावक नाय, तुझो धीर गेलो."

"आते, ही साधी गोष्ट आसा. मी ह्याच शिकवतंय."

"शिकय. रंग खरवडूचो नाय."

त्यानंतर आपण सगळ्यावर बोललो. तू डब्यातून तिसऱ्या-शिंपल्यांची कोशिंबीर पाठवलीस, मी रिकाम्या डब्यातून तुला बीपीच्या गोळ्या. माझ्यासाठी आलेल्या स्थळाच्या नाकावर आपण मनसोक्त हसलो. फक्त विमानावर नाही. ते तुझ्या टेबलावर चादरीखाली होतं. एका रविवारी मी चाकं सरळ केली, नवा पंखा बसवला. तू शेजारी बसून काज करत होतीस. मी मनात जुळवत होते: पुढच्या वेळी टेकू आणेन, तिला डोळ्यांनी दाखवेन, मग ती मानेल. पुढची वेळ येते, असंच मला वाटायचं.

मग एका दुपारी तू मशीनवर डोकं टेकवलंस. शेजारणीला वाटलं, डोळा लागला.

तू गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा काही मागितलं असेल तर ते हेच. ते म्हणाले, "दीपे, ता विमान आता उडवू नको. हय माळ्याखाली टांगून ठेवया. बायचो हात आसा तेका. मोडला तर काय रवला?" मी लगेच हो म्हटलं. खरंच म्हटलं. आणि दुसऱ्या सकाळी सड्यावर काडी सोडून वारा बघत उभी होते.

टांगलं असतं तर तुझं वाक्य कायमचं खरं झालं असतं, आते. दर वेळी जेवताना मान वर केली की ते दिसलं असतं: तोल नव्हे, धीर. आणि उडवून मोडलं असतं तर बाबा म्हणाले तसं, काय राहिलं असतं? मला ना बसवत होतं, ना झोपवत.

काल टांगण्यासाठी दोर बांधायला म्हणून आम्ही दोघं तुझ्या खोलीत गेलो. दोर कुठे बांधावा हे ठरवायलाही तोल बघावा लागतो. मी टेकू लावले. ठिपके रंगाखाली गेले होते, जागा पुन्हा मोजली. माझी खात्री होती की शेपूट धपकन खाली जाणार.

गेलं नाही. विमान आडवं राहिलं. नाक किंचित खाली.

मी टेकू काढून पुन्हा लावले. तेच. बाबा म्हणाले, "काय झाला?" मी नाकावरच्या झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. हे स्क्रू आवळताना तू कितीदा माझ्या हातात पेचकस दिला होतास.

इंजिनाच्या मागे, लाकडी भिंतीला लागून, एक पिशवी होती. त्याच अस्तराची, दुहेरी शिवणीची, दोन बाजूंना पट्ट्या काढून पेचांत नीट अडकवलेली. हलवली तरी हलत नव्हती. तोंडाला नाडी. मी नाडी सोडली आणि तळहातावर शिशाचे मणी आले. काळपट, लांबट, मधून भोक असलेले.

बाबांनी एक मणी उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "ही आबांच्या पागाची शिसां."

आजोबांचा पाग, कडेला शिसं ओवलेलं त्यांचं फेकायचं जाळं, तू मागच्या पडवीत खुंटीवर ठेवलेला. कोणाला हात लावू द्यायची नाहीस. आम्ही जाऊन पाहिलं. जाळं होतं तिथेच होतं, त्याच घडीत, पण एका बाजूची कड कातरीने कापलेली. सरळ, स्वच्छ, बेतल्यासारखी.

"बायन आबांचो पाग कापल्यान?" बाबा त्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "माका तेका हात लावक देय नाय होती."

होडीचा रंग तू खरवडू दिला नाहीस. जाळं मात्र कापलंस.

आते, तू हे मला सांगणार होतीस का? की मी उडवण्याआधी तोल बघितल्याशिवाय राहणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून गप्प राहिलीस? त्या रविवारी तू शेजारी बसून काज करत होतीस, तेव्हा पिशवी आत होती की अजून शिवायची होती? कालपासून मी तुला दहा वेळा विचारलंय. अंथरुणात, पायरीवर, सड्यावर. पिशवीने शेपटाचं उत्तर दिलं. धीराचं दिलं नाही.

बाबांनी दोराची गुंडाळी उचलली आणि काखेत मारली. "सकाळी वारो असता काय?" त्यांनी विचारलं.

"नसता."

"मगे मी येतंय."

म्हणून आज. नारळ बाबांनी आणला आणि कातळावर ठेवला. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी म्हटलं, "बाबा, घाला." ते म्हणाले, "माका खंय येता? तूच घाल, तिचा ऐकलंस तू." मी हात जोडले. बा देवा म्हाराजा, एवढं झालं आणि पुढचं सुचेना. चुकला माकला पोटात घाल, एवढं आठवलं. मग जे आलं ते बोलले. "आतेन ह्येका रंग दिल्यान आणि आतेनच ह्येचो तोल केल्यान. वर गेलेला खाली हाड रे म्हाराजा." बाबा एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." सड्यावर एकाच माणसाचा तो आवाज किती लहान वाटतो, ते तू ऐकायला हवं होतंस.

ते धावलं. ह्या वेळी मी सांगेपर्यंत थांबलं. मी सांगितलं, आणि उठलं.

नाक वर गेलं आणि जिथे मी ठेवलं तिथे राहिलं. मी वळवलं, वळलं. सड्याच्या कडेवरून ते समुद्राच्या बाजूला गेलं आणि काही क्षण मला दिसेना, निळ्यावर निळं. मग पिवळा पट्टा चमकला. बाबा ओरडले, "ती बग, ती बग!" ते विमानाला 'ती' म्हणाले, होडीला म्हणतात तसं.

माझे हात पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरत होते, आते. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. त्या दिवशीही थरथरले असतील. तू शेपटाकडे बघत नव्हतीस, माझ्या हातांकडे बघत होतीस, आणि मी फक्त शेपटाकडे बघत होते. आज मी दोन्ही बघितलं. थरथरत्या हातांनीच ते खाली आणलं. एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, आणि गवतात शिरून थांबलं. चाकं सरळ. बाबा धावत गेले आणि त्यांनी पहिल्यांदा कशाला हात लावला असेल, तर शेपटाला. रंगाचा एक टवकाही उडाला नव्हता.

खाली येताना ते म्हणाले, "टांगूचा नको."

उडताना नाक जरासं जड लागत होतं. तू एखादा मणी जास्त घातलास, की शेपटावरचा रंग आता पुरता वाळून हलका झाला, कोण जाणे. घरी आल्यावर मी पिशवीची नाडी सोडली, एक मणी काढून घेतला. तो तुझ्या मशीनच्या खणात ठेवलाय, टाचण्यांच्या डबीशेजारी. तेव्हाच पिशवी पहिल्यांदा उलटी करून पाहिली. आत चारी बाजूंनी दुमडलेलं अस्तर होतं, बोटभर नाही, चांगलं दोन बोटं. मणी वाढवावे लागले तर शिवण उसवून पिशवी मोठी करता येईल, एवढं.

उद्या पुन्हा वर जाईन. वारा पडला असेल तर.